केविनला पगारवाढ मिळाली असती तर? ब्रिटिश टीव्हीवरच्या काळोखाबद्दल थोडंसं

नमस्कार मंडळी. चहा घेऊन बसा, मीही घेतलाय.

एक अकाउंटंट आहे. मध्यमवयीन, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलीला खासगी शाळेत घालायचंय, म्हणून मालकाकडे जातो आणि पगारवाढ मागतो. मालक नाही म्हणतो. आता तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? घरी येऊन मालकाला चार शिव्या घातल्या असत्या, वरणभात खाल्ला असता आणि सकाळी डबा घेऊन पुन्हा त्याच ऑफिसात गेलो असतो. हा माणूस एका गुंडाकडे जातो आणि मालकाच्या मुलीला कसं पळवता येईल याची आयडिया देऊन येतो.

आणि पुढचं ऐका. मालकाचं मन बदलतं. तो मदत करायला तयार होतो! आपला अकाउंटंट धावत त्या गुंडाकडे जातो, म्हणतो, बाबा राहू दे, काही नको करू. तोवर चाक फिरलेलं असतं.

हा केविन वेदरिल. सिरीज 'हॅपी व्हॅली', बीबीसी, २०१४. आजचा सगळा व्हिडिओ एका अर्थी या केविनबद्दल आहे. कारण ब्रिटिश टीव्हीवरच्या गडद सिरीज मी गेली बारा-पंधरा वर्षं बघतेय आणि लोक मला नेहमी विचारतात, की बाई, तुला इतकं काळंकुट्ट बघवतं कसं? तर उत्तर असं, की मला ते काळंकुट्ट वाटतच नाही. निदान पहिली वीस मिनिटं तरी नाही. पहिली वीस मिनिटं मी हसत असते.

केविनचं काम कोण करतो माहितीये? स्टीव्ह पेंबर्टन. हा मूळचा कॉमेडीवाला. १९९९ साली 'द लीग ऑफ जंटलमन' नावाची एक विचित्र कॉमेडी आली होती, तिच्या चार लेखकांपैकी हा एक. म्हणजे लेखिका सॅली वेनराइटच्या या सिरीजमध्ये, जिथे अपहरण आहे, बलात्कार आहे, पोलिसांचे खून आहेत, तिथे सगळ्या संकटाची सुरुवात करणारा माणूस म्हणून एक विनोदी नट उभा केलाय. मला हे अजिबात योगायोगाचं वाटत नाही.

माझं म्हणणं असं, की ब्रिटिश कॉमेडीतला नायक आणि ब्रिटिश क्राइम ड्रामातला गुन्हेगार हा बऱ्याचदा एकच माणूस असतो. कुढणारा. आपल्यावर अन्याय झालाय असं वाटणारा. आपण यापेक्षा जास्त लायक होतो, पण जगाला ते कळलं नाही, असं मनात घोकणारा. त्याच्या अडचणीकडे लांबून बघितलं की कॉमेडी, जवळ जाऊन बघितलं की केविन.

तपासून बघू. 'फॉल्टी टॉवर्स' घ्या. टॉर्कीमधलं एक हॉटेल, मालक बेसिल फॉल्टी. सबंध सिरीजचे एपिसोड फक्त १२. सहा १९७५ ला, सहा १९७९ ला. १९७९ च्या भागांमध्ये एका रात्री हॉटेलात एक पाहुणा झोपेतच जातो. सकाळी बेसिल त्याला नाश्ता नेऊन देतो, स्वतःच्याच तक्रारी बडबडत राहतो, आणि समोरचा माणूस मेलाय हे त्याच्या लक्षातही येत नाही. पुढचा अर्धा तास ते प्रेत या खोलीतून त्या खोलीत, टोपलीतून, कपाटातून. मी पोट धरून हसलेय त्याला. पण शांतपणे विचार करा, हा माणूस मेलेल्याशी बोलतोय आणि त्याला फरक कळत नाही. यापेक्षा काळं काय असतं?

किंवा मूळची ब्रिटिश 'द ऑफिस', २००१ ची. अमेरिकन नाही, ती खूप प्रेमळ आहे. ब्रिटिश ऑफिस स्लाव गावातल्या एका कागद विकणाऱ्या कंपनीत घडतं आणि पहिल्या भागापासून वर एक तलवार टांगलेली आहे, की ही शाखा बंद होणार आणि माणसं कमी होणार. डेव्हिड ब्रेंट हा साहेब स्वतःला विनोदवीर समजतो. दुसऱ्या सीझनमध्ये त्याला नोकरी गेल्याचं कळतं, तेव्हा तो चॅरिटीच्या दिवसासाठी शहामृगावर बसल्यासारखा ड्रेस घालून आलेला असतो. आणि त्या सीझनच्या शेवटच्या भागात तो अक्षरशः हातापाया पडतो, मला काढू नका म्हणून. बारा भाग ज्याची आपण टर उडवली, तो रडवेला होऊन गयावया करतो आणि आपल्याला कुठे बघावं कळत नाही.

आता उलट बाजूनं. 'हॅपी व्हॅली'चा पहिला सीन. खेळाच्या मैदानावर एक प्रेमभंग झालेला पोरगा, अंगावर पेट्रोल ओतून, हातात लायटर. पोलीस सार्जंट कॅथरिन केवुड येते. तिच्याकडे आग विझवायचं नळकांडं आहे आणि डोळ्यांवर गॉगल. ती सहकाऱ्याला म्हणते, त्याला स्वर्गात जायचंय तर जाऊ दे बापडा, पण माझ्या भुवया मी त्याला सोबत नेऊ देणार नाही. मग त्या पोराला बोलण्यात गुंतवायला स्वतःची ओळख करून देते. मी ४७ वर्षांची, घटस्फोटित. बहिणीबरोबर राहते, ती हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर येतेय. दोन मुलं. एक गेलंय, एक माझ्याशी बोलत नाही. आणि एक नातू.

एवढंच. चार-पाच वाक्यांत पात्राची अख्खी कुंडली मांडली, तीही विनोदाच्या सुरात. आपल्याकडे यासाठी तीन आठवड्यांचा फ्लॅशबॅक लागला असता, आणि वर व्हायोलिन.

ही सिरीज मी आईबरोबर बघितली, ते सांगते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दीड महिना घरात. तिच्या रोजच्या मालिका चालूच होत्या, पण दुपारी कंटाळायची. म्हटलं चल, वेगळं काही दाखवते. आई इंग्रजीची शिक्षिका होती हो, तीस वर्षं ग्रामर शिकवलंय तिनं. पहिल्या पाच मिनिटांत मला म्हणाली, "हे इंग्रजीच बोलतायत ना?" पश्चिम यॉर्कशरची बोली आहे ती. पुण्यातल्या माणसानं पहिल्यांदा अस्सल मालवणी ऐकावी तसं होतं. सबटायटल लावली मुकाट्यानं. कॅल्डर नदीचं ते खोरं, दगडी घरं, हिरव्या टेकड्या. दिसायला इतकं सुंदर, की आईला वाटलं सहलीचा कार्यक्रम आहे. 'हॅपी व्हॅली' हे नावच उपरोधानं पडलेलं. ड्रग्जचा सुळसुळाट, म्हणून आनंदी खोरं.

केविनला बघून आई काय म्हणाली माहितीये? "अगं, हा वाईट नाहीये. हा आपल्या सोसायटीचा खजिनदार आहे."

मी त्या दिवशी पॉझ केलं आणि पाच मिनिटं हसत होते. पण मुद्दा बरोबर होता तिचा. सिरीजमध्ये टॉमी ली रॉइस नावाचा खरोखरचा भयंकर माणूस आहे, जेम्स नॉर्टननं केलाय, त्याच्याबद्दल पानंच्या पानं लिहून झालीत. मला टॉमीची भीती वाटते, पण तो माझ्या ओळखीचा नाही. केविनची भीती वेगळी आहे. केविन माझ्या ओळखीचा आहे.

आता तिसऱ्या सीझनमधला एक प्रसंग सांगणार आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी एक मिनिट पुढे जा.

(इथे स्क्रीनवर 'स्पॉयलर' अशी पाटी.)

कॅथरिनला संशय येतो, की बहीण क्लेअर आपल्यापासून काहीतरी लपवतेय. ती पाठलाग करत शेफील्डला जाते. क्लेअर एका कॅफेत बसलीये. कॅथरिन बाहेर उभी राहून तिला फोन करते, कुठे आहेस गं? आणि क्लेअर बिनदिक्कत थाप मारते. काचेपलीकडे बसून. कॅथरिन फोन ठेवते आणि आत जाते.

तीन सीझनमधला सगळ्यात हिंसक सीन माझ्या मते हाच. रक्ताचा थेंब नाही, कुणी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. सारा लँकशर आणि शिवॉन फिनरन, दोघी फक्त एकमेकींकडे बघतात.

(पाटी काढा.)

आणि बघा, दुसरा सीझन २०१६ ला आला आणि तिसरा थेट २०२३ ला. सात वर्षं का? तर नातवाचं काम करणारा मुलगा मोठा व्हायला हवा होता. मुलगा सोळा वर्षांचा झाल्याशिवाय ती गोष्ट सांगताच येत नव्हती, म्हणून लेखिका थांबली! एकूण भाग १८, आणि संपलं. आईला हे काही केल्या पटेना. "एवढी चांगली चाललीये, मग बंद का केली?" तिच्या मालिकांमध्ये अठरा भागांत नायिकेची मेंदीसुद्धा वाळत नाही.

बरं, पेंबर्टनकडे परत येऊ, कारण त्याचं खरं मोठं काम मराठी माणसाला सांगायलाच हवं. तो आणि रीस शिअरस्मिथ, दोघांनी मिळून २०१४ ते २०२४ 'इनसाइड नंबर ९' लिहिलं. नऊ सीझन, ५५ भाग. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा, प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पात्रं वेगळी. समान धागा एकच, की सगळं कुठल्यातरी ९ नंबरच्या जागेत घडतं. घर, ड्रेसिंग रूम, रेल्वेचा डबा, काहीही. आणि प्रत्येक भागात कुठेतरी सशासारखा दिसणारा एक छोटा पुतळा लपवलेला असतो, तो शोधायचा नाद लागतो.

आता विचार करा. एक जागा. अर्धा तास. चार-पाच पात्रं. शेवटी एक कलाटणी. अहो, ही एकांकिका आहे! ज्यांनी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींसाठी रात्री जागवल्यात, त्यांना हा प्रकार रक्तातून कळेल. कमी पैसे, एक सेट, आणि लेखकाच्या डोक्यावर सगळी मदार. म्हणून मी म्हणते, की ब्रिटिश टीव्ही मराठी प्रेक्षकाला हॉलिवूडपेक्षा जवळचा वाटायला हवा. त्याचं मूळ नाटकात आहे आणि आपलंही. या दोघांनी टीव्हीवरचं काम संपल्यावर काय केलं? २०२५ ला त्याचंच नाटक करून लंडनच्या वेस्ट एंडला उभं केलं.

पहिलाच भाग, 'सार्डिन्स'. साखरपुड्याची पार्टी, जुना वाडा, आणि पाहुणे उलटा लपंडाव खेळतायत. म्हणजे एकानं लपायचं, बाकीच्यांनी शोधायचं, आणि ज्याला सापडेल त्यानं त्याच्याच शेजारी लपायचं. तर एका कपाटात एकेक करून सगळं गणगोत कोंबलं जातं. अर्धा तास तुम्ही त्या कपाटात आहात. आधी धक्काबुक्कीचे विनोद. मग कुणाचं कुणाशी जमत नाही ते कळतं. मग या घरात कधीतरी काय घडलं होतं याचा वास यायला लागतो. शेवट सांगत नाही.

दुसरा भाग, 'अ क्वाएट नाइट इन', त्यात जवळजवळ शेवटापर्यंत कुणी एक शब्द बोलत नाही. दोन चोर एका चकचकीत बंगल्यात चित्र चोरायला शिरलेत आणि घरात नवरा-बायकोचं शीतयुद्ध चालू आहे. टॉम अँड जेरी आणि खून, एकत्र. मग २०१८ ला हॅलोविनच्या निमित्तानं यांनी एक लाइव्ह भाग केला. मध्येच आवाज गेला. निवेदकानं माफी मागितली, म्हणाला तांत्रिक बिघाड आहे, त्याऐवजी जुना भाग दाखवतो, आणि दाखवायला लागले तो 'अ क्वाएट नाइट इन', ज्यात मुळात कुणी बोलतच नाही! लोकांनी वैतागून चॅनेल बदलले. तो बिघाड हाच त्या भागाचा खेळ होता. भुतापेक्षा जास्त घाबरवलं ते बीबीसीच्या त्या नम्र, दिलगीर आवाजानं. मला तर वाटतं सबंध ब्रिटिश काळोखाचं गुपित त्या 'क्षमस्व'मध्ये आहे.

त्या नम्रपणावरून आठवलं. 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस', आयटीव्ही, जानेवारी २०२४, चार भाग, खरी घटना. गावोगावी पोस्टाचं काउंटर चालवणारी साधी माणसं. होरायझन नावाची कॉम्प्युटर प्रणाली हिशोबात तूट दाखवायला लागली, आणि दोष प्रणालीत असताना यांच्यावर चोरीचे, अफरातफरीचे गुन्हे लागले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर गेलं, काहींनी जीव दिला. त्यात एक प्रसंग आहे. जो हॅमिल्टन नावाची बाई हेल्पलाइनवर बोलतेय, ते सांगतील ती बटणं दाबतेय, आणि स्क्रीनवरची तूट तिच्या डोळ्यांदेखत दुप्पट होते. पलीकडचा आवाज सौजन्याचाच.

हा प्रसंग कॉमेडी म्हणून लिहिला असता तर एक अक्षर बदलावं लागलं नसतं. प्रत्यक्षात ब्रिटन हादरलं, तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांना काही दिवसांतच या लोकांना निर्दोष ठरवणारा नवा कायदा आणण्याची घोषणा करावी लागली आणि मे महिन्यात तो झालाही. वर्तमानपत्रं, मासिकं वर्षानुवर्षं हे लिहीत होती. हललं ते चार भागांच्या सिरीजनं.

'ब्लॅक मिरर' सगळ्यांना माहितीये, म्हणून लांबण लावत नाही. फक्त पहिला भाग, चॅनेल ४, डिसेंबर २०११. राजघराण्यातल्या मुलीला पळवलंय आणि तिच्या सुटकेसाठी पंतप्रधानाला टीव्हीवर थेट एक अश्लाघ्य कृत्य करायला सांगितलंय. तो करतो. आणि त्या मुलीला अपहरणकर्त्यानं अर्धा तास आधीच सोडून दिलेलं असतं. ती लंडनच्या रस्त्यावर भेलकांडत चाललीये, पण तिला बघायला रस्त्यावर कुणीच नाही, सगळे टीव्हीसमोर. केविनची पगारवाढ आठवली का? नेटफ्लिक्सवर गेल्यापासून मात्र ही सिरीज मला लांब आणि थोडी गोडसर झाल्यासारखी वाटते. पैसा दिसतो, चावा दिसत नाही.

नावडतं आणखी आहे. 'लूथर'. इद्रिस एल्बा मला कितीही आवडला तरी ते दर आठवड्याला नवीन विकृत खुनी, पलंगाखाली लपलेला, पोटमाळ्यावर लपलेला... दमायला होतं. तिथे माणूस ओळखीचा राहत नाही. त्याचीच हिंदी आवृत्ती मुंबईत बेतून 'रुद्र' झाली २०२२ ला, अजय देवगणची. मुळात जे कच्चं होतं ते इथे आणखी कच्चं राहिलं. पोलिसांतलेच भ्रष्ट अधिकारी शोधणाऱ्या 'लाइन ऑफ ड्यूटी'नं वर्षानुवर्षं खलनायक कोण म्हणून झुलवलं आणि २०२१ ला जो काढला त्यावर तिथले प्रेक्षक जाम चिडले. मी चिडले नाही. एक बावळट, लाचार अधिकारी निघाला शेवटी. म्हणजे केविनच की हो! मला तो शेवट आवडलाय, कमेंटमध्ये भांडा.

'लीग ऑफ जंटलमन'बद्दलही खरं सांगायचं तर आज ती सगळी बघवत नाही. रॉयस्टन व्हेझी नावाचं काल्पनिक गाव, तिथे दुकान आहे, पण फक्त 'स्थानिकांसाठी', बाहेरचा माणूस आला की परत जात नाही. ती थट्टा आजही धारदार आहे, किंबहुना आज जास्तच लागू पडते. पण काळा रंग फासलेला सर्कसवाला आणि काही पात्रांची केलेली टिंगल, ते शिळं झालंय. २०२० ला नेटफ्लिक्सनं ती काढून टाकली, बीबीसीनं स्वतःकडे ठेवली. माझं मत ठेवणाऱ्यांच्या बाजूनं, पण माझ्या आईला मी ती दाखवणार नाही.

एक जुनी गोष्ट राहिली. 'ब्लॅकॅडर गोज फोर्थ', १९८९. आपण ज्याला मिस्टर बीन म्हणून ओळखतो तो रोवन ॲटकिन्सन, पहिलं महायुद्ध, खंदक. सहा भाग हा कॅप्टन लढाईवर जायचं टाळायला नाना युक्त्या करतो आणि त्याचा बावळट शिपाई बॉल्ड्रिक 'माझ्याकडे एक प्लॅन आहे' म्हणत राहतो. शेवटच्या भागात बॉल्ड्रिककडे खरंच एक प्लॅन असतो, पण ऐकायला वेळ उरलेला नाही. शिट्टी वाजते, सगळे वर चढतात, चित्र संथ होतं, आणि त्या जागी खसखशीच्या लाल फुलांचं शेत उरतं. ते संथ चित्रही नाइलाजानं झालंय. शूट केलेला शॉट फसका आणि तोकडा होता, म्हणून एडिटिंगच्या टेबलावर वेग कमी केला. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथे त्याच युद्धात गेलेल्या गावकऱ्यांचं स्मारक आहे. मी ते आधी पाहिलं होतं, सिरीज नंतर. त्यामुळे असेल, पण मी या भागाला शेवटची पाच मिनिटं हसू शकत नाही, आधीची पंचवीस मिनिटं हसू आवरत नाही.

कुठून सुरू करायचं ते सांगते आणि थांबते. 'अ क्वाएट नाइट इन' आधी, घरातल्या सगळ्यांबरोबर चालेल, पण लहान मुलं नकोत. मग 'हॅपी व्हॅली', ओळीनं. 'अ‍ॅडोलेसन्स' (खुनाच्या आरोपात अडकलेल्या एका पोराची सिरीज) बघितली नसेल तर त्याच्या चौथ्या भागात त्या पोराच्या बापाच्या व्हॅनवर कुणीतरी शिवी फवारून गेलंय, तिचं स्पेलिंग बघा. चुकलंय. तो घासून घासून काढत असतो, पन्नासाव्या वाढदिवसाच्या सकाळी. हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि कमेंटमध्ये लिहा, तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, नातेवाइकांत केविन कोण आहे. नाव मात्र लिहू नका. आमच्या खजिनदारांनी गेल्याच महिन्यात चॅनेल सबस्क्राइब केलंय.